चार वेळा धन्यवाद

“तुम्ही चौघं मिळून एक विनोद लिहिता, मग त्याला हसतं कोण?”

‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ असं मैत्रिणी म्हणाल्या होत्या. म्हणून शाळा लवकर सुटली त्या दिवशी आईच्या ऑफिसात पाय टाकल्या टाकल्या मी ते विचारूनच टाकलं. टीव्हीवरची एक विनोदी मालिका आई आणि तिची टीम लिहिते. टीम म्हणजे दाढी, टाचणी आणि आजोबा. ही नावं त्यांनीच एकमेकांना ठेवलीत. आई त्यांची प्रमुख.

कुणी हसलं नाही. दाढीने उठून माझा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून घेतला. “बरा आहे. कुठेतरी वापरू.”

घ्या! इथे तोंड उघडायचीसुद्धा चोरी.

या खोलीचे नियमही अजब. ज्याला वाक्य सुचलं त्याने ते वाचायचं नाही. दुसऱ्याने वाचायचं, तेही किराण्याची यादी वाचावी तसं, सपाट. तरीही हसू आलं तर वाक्य राहतं. “नाहीतर आम्ही आवाज काढून काढून एकमेकांना फसवतो,” आजोबांनी समजावलं. दुसरा नियम आईच्या अक्षरात दारावरच चिकटवलेला: घरची गोष्ट आणायची तर आधी घरच्यांना विचारून.

मग मी फळ्यावरचं बाकीचं वाचलं. ‘मुलगी. वक्तृत्व स्पर्धा. भाषण विसरते. नुसतं धन्यवाद, धन्यवाद. पडद्यात अडकते.’

माझे कान तापले. ती मुलगी मी होते! गेल्या महिन्यात, दुसऱ्या शाळेच्या हॉलमध्ये. वर्गात मी ठोकून दिलं होतं की भाषण झकास झालं, परीक्षकच पक्षपाती. खरं काय ते फक्त आईला माहीत होतं, कारण तिच्याच ओढणीला नाक पुसत मी ते सांगितलं होतं. आणि मालिकेतली मुलगी म्हणजे मीच, हे अख्खा वर्ग धरून चालतो. भाग लागणार होता सोमवारी.

मी आईकडे पाहिलं. आई पेनाच्या टोपणाकडे पाहत होती.

बाकी तिघांना काहीच पत्ता नव्हता. ते भांडत होते.

“तीनदा धन्यवाद,” दाढी म्हणाला.

“पाचदा. तीनदा काय, कुणीही म्हणतं,” टाचणी म्हणाली.

“चौथ्याला लोक चॅनेल बदलतील.”

“तुझ्या लग्नात तू सातदा म्हणालास. गेलं कुणी उठून?”

“धन्यवादच काढून टाकू या का?” आजोबा म्हणाले, आणि गाडी परत पहिल्यापासून सुरू. पाऊण तास! केस असलेली आणि नसलेली मोठी माणसं पाऊण तास माझ्या फजितीची मोजदाद करत होती, आणि तीही चुकीची.

“चार!” मी ओरडले. “चारच वेळा!”

“का?” टाचणीने भुवई उचलली.

मी दाढीची वही ओढली आणि का ते लिहून काढलं. नियमाप्रमाणे ते मला वाचता येणार नव्हतंच. आजोबांनी वही आईपुढे सरकवली.

आई सपाट आवाजात वाचू लागली. “पहिलं धन्यवाद, भाषण संपवायला. दुसरं, भाषण संपलेलं नाही हे लक्षात आलं म्हणून. तिसरं, पुढचं आठवेपर्यंत वेळ काढायला. चौथं...” ती अडखळली. “चौथं, मागून कुणीतरी एक टाळी वाजवली, त्या टाळीसाठी.”

आजोबा टेबलावर हात आपटून हसले. टाचणी, जी फक्त ‘हं’ म्हणते, तीसुद्धा फिस्सकन हसली. आई नाही हसली.

टाचणीने माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग आईकडे. “ताई, हिला विचारलं होतंस?”

“भाग द्यायचा होता गं. काही सुचतच नव्हतं.”

“नियम तुझा, अक्षर तुझं!”

दाढीने डस्टर उचललं. आजोबांनी त्याचा हात धरला. “पुसायचं की ठेवायचं, ते ही ठरवेल. सकाळी कळव, पोरी. नको म्हणालीस तर नवं लिहू. काय एवढं!” म्हणाले खरं, पण चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

घरी सगळं ऐकून बाबांनी कपाळावर हात मारला. “अगं, तुला घरात दुसरं कुणी मिळालं नाही?”

“तुमच्यावर अकरा भाग झालेत,” आई पुटपुटली.

“काय? म्हणजे तो घोरणारा मामा...?”

“बाबा, तुमचं नंतर!” मी म्हटलं. आई माझ्याकडे वळली. “चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं,” एवढंच म्हणाली, पुढे काही जोडलं नाही.

मी खोलीत जाऊन दार आपटलं. संतापले होते, अजूनही आहे. पण टाचणी हसली होती. आणि ज्या चौथ्या धन्यवादाने माझी महिनाभर झोप उडवली होती, त्यालाच हसली होती. सीन ठेवला तर सोमवारी सगळे हसतीलच. पण खरं काय ते त्यांना आधी कुणी सांगायचं, टीव्हीने की मी, तेही माझ्याच हातात होतं.

तासाभराने मी बाहेर येऊन दोघांसमोर उभी राहिले.

“ऐका. सीन राहू दे. धन्यवाद चारच, पाचवं ऐकू आलं तर मी ऑफिसात येऊन फळा फोडीन. आणि उद्या मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींना सगळं खरं सांगणार आहे. परीक्षक पक्षपाती नव्हते, हेसुद्धा.”