शहजादी बुजत नाही

रामकिशनने टांगा आडवा घातला, तेव्हा कालिंदीने ब्रेक दाबला नाही. पायडल मारणं तेवढं थांबवलं. सायकल आपल्या वेगाने पुढे गेली आणि पुढचं चाक टांग्यापासून वीतभर अंतरावर आलं, तेव्हा तिने डावा पाय जमिनीला टेकवला. मागे बांधलेल्या पत्र्याच्या पेटीत औषधाच्या बाटल्या किणकिणल्या.

"उतरा की नरसबाई," रामकिशन वरून म्हणाला. "वकीलसाहेब उतरतेत, पोस्टमास्तर उतरतेत. तुमालाच काहून तकलीफ होऊन राहिली?"

"मला उतरायचं नाही. मला नदीपलीकडं जायचंय."

"घोडं बुजतंय."

कालिंदीने घोड्याकडे पाहिलं. ते उभ्या उभ्या पेंगत होतं.

"झोपेत बुजतं का रे तुझं घोडं?"

टांग्यांच्या अड्ड्यावरचे दोघंतिघं हसले. रामकिशन हसला नाही. तेवढ्यात स्टेशनकडून चारच्या गाडीची शिट्टी ऐकू आली. सवाऱ्या सोडून भांडत बसणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने टांगा वळवला, पण वळवताना चाबकाची वादी सायकलच्या चाकातून ओढत नेली. चाकाच्या तारा एकामागून एक खडखडल्या. कालिंदी तो आवाज थांबेपर्यंत उभी राहिली आणि मग सीटवर बसली.

लढाईमुळे त्या वर्षी पेट्रोल मिळेनासं झालं होतं. हिंगोलीहून वसमतकडे जाणाऱ्या भाड्याच्या दोन मोटारी दारात उभ्या राहिल्या आणि टांगेवाल्यांना बरे दिवस आले. पण त्याच वर्षी गावात सायकलीही वाढल्या. आधी तीन होत्या, त्या दहा झाल्या. टांगेवाल्यांनी मग स्टेशनरोडवर आपलाच एक कायदा केला. अड्डा आला की सायकलवाल्याने उतरायचं, आणि सगळ्या टांग्यांना सवाऱ्या मिळून ते निघेपर्यंत बाजूला उभं राहायचं. वकीलसाहेब कोटाची बटणं चाचपत पाव पाव तास उभे राहत. पोस्टमास्तर तर लांबूनच उतरू लागले होते.

कालिंदीची सायकल तिची स्वतःची नव्हती. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती हैदराबादहून मागवली होती. पलटणीच्या रिकाम्या मैदानावर, सूर्य उगवायच्या आत, नऊवारीचा काष्टा घट्ट ओढून कालिंदी ती चालवायला शिकली. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं होऊन ती भावाकडे परत आली होती आणि हैदराबादला जाऊन सुइणीचं काम शिकली होती. त्यामुळे लोकांचं बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. सायकलने त्यात थोडीच भर घातली.

तिला सायकल का लागली, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वैशाखात नदीपलीकडच्या वस्तीतून पारुबाईचं बोलावणं आलं. कालिंदी पेटी घेऊन लालसिंगच्या टांग्यात जाऊन बसली. लालसिंग अड्ड्यावरचा सगळ्यांत जुना माणूस. तिला लहानपणापासून ओळखायचा, आणि ती त्याला काका म्हणायची. त्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, गाडी येऊनच राहिली आहे, चार सवाऱ्या मिळाल्या की निघू. गाडी दीड तास उशिरा आली. कालिंदी दर दहा मिनिटांनी विचारत होती, आणि लालसिंग दर वेळी स्टेशनकडे बोट दाखवत होता. ती पोहोचली तेव्हा मूल शेजारणीच्या मांडीवर रडत होतं आणि पारुबाईच्या अंगावर कुणीतरी नवं लुगडं पांघरलं होतं.

लालसिंगला ती एक शब्दही बोलली नाही. त्या दिवसानंतर ती कुणाच्याच टांग्यात बसली नाही.

रामकिशनशी वाद झाला त्याच्या चौथ्या दिवशी तिचा भाऊ व्यंकटराव कचेरीतून आला तो पगडी न उतरवताच पाटावर बसला. तो तहसील कचेरीत पेशकार होता, साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून. फार न बोलणारा, फाइलींसारखाच घडी घातलेला माणूस.

"अर्ज आलाय," तो म्हणाला. "स्टेशनरोड सायकलींना बंद करा म्हणून. घोडी बुजतात, सवाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. अकरा अंगठे आहेत खाली. पहिला लालसिंगचा."

कालिंदीने भाकरी थापता थापता हात थांबवला आणि पुन्हा थापायला लागली. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. नदीकडे जायला तो एकच रस्ता. तो बंद झाला, तर सायकल परत हैदराबादला जाईल आणि दवाखान्याबाहेरची बाळंतपणं थांबवावी लागतील. ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येईल, त्यांनी यावं.

"तू एक कागद लिहून दे," व्यंकटराव म्हणाला. "अड्ड्यापुरती उतरून उभी राहीन म्हणून. पोलिसांचे अमीनसाहेब ऐकतील. मिटून जाईल."

"उभी किती वेळ राहू, दादा?"

"ते निघेपर्यंत."

"आणि पलीकडं जी बाई कळा देत असंल, तिनं किती वेळ थांबायचं?"

व्यंकटरावने ताटातलं मीठ बोटाने एका कडेला सारलं.

"मला त्या कचेरीत रोज तोंड दाखवायचं असतं, कालिंदी."

"मला पण रोज जायचं असतं."

"अमीनसाहेब गुरुवारी स्वतः येणार आहेत बघायला. घोडं बुजवायला काय लागतं? बोटभर लगाम ओढला की झालं. काय करशील तू?"

कालिंदीने तव्यावरची भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात वाढली.

गुरुवारी सकाळी अड्ड्यावर निम्मं गाव जमलं. अमीनसाहेब पोलिसांचे अधिकारी, अंगाने जाडजूड आणि सावकाश बोलणारे. ते निंबाखाली उभे राहिले. शेजारी व्यंकटराव मुआयन्याची, म्हणजे पाहणीची, वही आणि दौत घेऊन. वकीलसाहेब आणि पोस्टमास्तरही आले होते, पण सायकली घरी ठेवून.

रामकिशनने आपलं घोडं पुढे आणलं. त्याने सकाळपासून त्याला पाणी दाखवलं नव्हतं. ते पाय आपटत होतं.

अमीनसाहेबांनी हात हलवून त्याला मागे घालवलं.

"ये नक्को. सबसे अच्छी घोड़ी किसकी?"

सगळ्यांनी लालसिंगकडे पाहिलं.

अमीनसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. वाईट जनावर बुजलं, तर तो जनावराचा दोष. चांगलं बुजलं, तर तो सायकलचा. टांगेवाल्यांनी हे धरलं नव्हतं. लालसिंगची शहजादी इंजिनाने अंगावर वाफ सोडली तरी कान हलवायची नाही. पडद्यातल्या बायका न्यायच्या असल्या की मोठ्या घरांतून निरोप यायचा तो टांगा पाठवा असा नसायचा, शहजादी पाठवा असा असायचा. लालसिंगचा बाप पलटणीत घोड्यांचा मोतद्दार होता. पलटण उठून गेली तेव्हा तो इथेच राहिला, आणि मरताना पोराला त्याने एवढंच दिलं, घोड्याची पारख.

रामकिशन लालसिंगच्या कानाशी लागला. बोलताना त्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून हलकेच मागे ओढून दाखवली. लालसिंगने मान हलवली नाही की नकार दिला नाही. त्याने शहजादीच्या डोळ्यांवरची झापडं काढली, टांग्यावर चढला आणि लगाम हातात घेतला.

तीन फेऱ्या ठरल्या. कालिंदी पहिल्यांदा दहा हातांवरून गेली. शहजादीने एक कान वळवला आणि परत जागेवर आणला. दुसऱ्यांदा ती जवळून गेली. घोडीने शेपटीने माशी उडवली. गर्दीतून कुणीतरी हसलं आणि रामकिशन मोठ्याने खाकरला.

रस्त्याच्या टोकाला सायकल वळवून कालिंदीने पाहिलं, तर लगाम आता सैल नव्हता. दोन्ही वाद्या ताठ होत्या आणि लालसिंगच्या मुठी गुडघ्यांवरून उचललेल्या होत्या. तिने तळहात एकेक करून लुगड्याला पुसले. मग हँडल धरलं.

तेवढ्यात व्यंकटराव वही घेऊन टांग्यापाशी गेला.

"लालसिंग," तो कचेरीत बोलायचा तसाच बोलला. "नोंद आधीच लिहून ठेवतोय. अमीनसाहेबांना घाई आहे. ऐकून घे बराबर आहे का. लालसिंग वल्द मानसिंग, टांगेवाला, याची घोडी, नाव शहजादी, रंग तांबडा, वय नऊ वर्षं."

"बराबर."

"पुढं बुजरी लिहायचं ना? एवढाच शब्द ऱ्हायलाय."

लालसिंगने खाली पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. उर्दूतली ती ओळ वहीच्या कडेपर्यंत गेली होती आणि शेवटी बोटभर जागा कोरी होती.

"शहजादीच्या नावापुढं?"

"घोडीचीच नोंद आहे. सरकारी वही आहे. एकदा लिहिलं की खोडता येत नाही."

"कोन वाचतं ती वही?"

"जो मागंल तो. सवारी बसवायच्या आधी लोक विचारतात आजकाल."

व्यंकटराव परत निंबाखाली गेला आणि टाक दौतीत बुडवून उभा राहिला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

रामकिशनने हळूच त्याचं नाव घेतलं. मग लालसिंगने लगाम टांग्याच्या कंदिलाच्या आकड्यात अडकवला, खाली उतरला, आणि चार पावलं दूर जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. टांग्यावर आता कुणीच नव्हतं.

"चला, बाई," तो मोठ्याने म्हणाला. "किती जवळून जायचं तेवढं जा."

कालिंदी निघाली. ती इतक्या जवळून गेली की तिचा पदर शहजादीच्या नाकाला लागला, आणि नेमकी तिथेच तिने घंटी वाजवली, एकदा नाही, तीनदा. शहजादी जोरात फुरफुरली. गर्दी मागे सरकली. घोडीने मान खाली घातली आणि पायाशी पडलेली कडब्याची काडी तोंडात घेतली.

"बिदकी?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"शहजादी बुजत न्हाई, साहेब."

"अर्ज पे पहला अंगूठा तेरा है."

"अंगठा माझा हाये," लालसिंग म्हणाला. "घोडीचा न्हाई."

अमीनसाहेब पोट धरून हसले. व्यंकटरावने कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला, त्यावर वाळू टाकली आणि वही मिटली. संध्याकाळी घरी आल्यावर, भाकरी कडक झाली आहे, एवढंच तो म्हणाला.

रस्ता बंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब अड्ड्यावरून सायकलवर बसूनच गेले. टांगेवाल्यांनी मात्र लालसिंगला सवाऱ्यांच्या नंबरातून काढून टाकलं. त्याच्या जागेवर रामकिशनचं घोडं उभं राहू लागलं. लालसिंगने कुणाची विनवणी केली नाही. नदीच्या रस्त्याला, अड्ड्यापासून लांब, तो एकटाच टांगा लावू लागला. ज्यांना शहजादी हवी होती ते तिथे चालत जात.

आठ दिवसांनी पलीकडच्या वस्तीतून बोलावणं आलं. कालिंदी त्या वळणावर आली, तेव्हा लालसिंग सवारी घेऊन त्याच बाजूला निघाला होता. चंदाबाई नावाची एक म्हातारी मागे गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. टांगा आणि सायकल बरोबरीला आले.

"तुमच्यापायी केलं असं समजू नका," लालसिंग पुढे बघतच म्हणाला.

"मी कुठं समजले?"

"अंगठा पुन्हा मागितला, तर पुन्हा देईन. रस्त्यानं सायकली नकोच हायेत मला."

"द्या की."

चंदाबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

"हे असं दोघं काहून चालून राहिले?" तिने विचारलं. "एकानं पुढं व्हा की."

नदीच्या उतारावर रस्ता अरुंद होत गेला. कालिंदीला वाटलं, आता हा लगाम खेचेल. लालसिंगला वाटलं असेल, आता ही उतरेल. मागून चारच्या गाडीचे टांगे येऊन पोहोचले आणि बाजू, बाजू असा ओरडा सुरू झाला. लालसिंगने चाबूक शेजारी ठेवून दिला. कालिंदीने पदर खोचला.

पाण्यापर्यंत ते दोघं तसेच गेले, शेजारी शेजारी, आणि मागचा एकही टांगा त्यांना ओलांडू शकला नाही.