आत्याच्या गुडघ्यावरचा भार

आत्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी पहिला बळी घ्यायचा ठरवला तो तिच्या शिलाई मशीनचा. "पायानं चालवायचं मशीन बंद करा," म्हणाले. मोटर बसवायला आत्या तयार नव्हती. मोटर म्हणे तिचं ऐकत नाही.

शरीरातल्या हाडा-सांध्यांवर किती भार पडतो हे संगणकावर मांडणं, हे माझं पोटापाण्याचं काम. "आधी मोजून तर बघू," मी म्हटलं, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. मशीन आमच्या प्रयोगशाळेत आलं. जमिनीत बसवलेल्या, वजन मोजणाऱ्या फळीवर ते ठेवलं आणि कॅमेऱ्यांना हालचाल टिपता यावी म्हणून आत्याच्या पायावर चकाकणाऱ्या टिकल्या चिकटवल्या.

"या वयात नटवतेस होय गं मला?" आत्या म्हणाली. सगळे हसले.

ती मशीन चालवायला लागली आणि पडद्यावर तिचा गुडघा लालभडक झाला. उंचावरून उडी मारल्यासारखा भार! टिकल्या काढता काढता आत्या म्हणाली, "शेजारणीच्या मुलीला देऊन टाकते मशीन. शिकतेय ती." मदत करायला गेले आणि तिच्या मुळावरच उठले.

चिडून मी सगळी मोजमापं पुन्हा उघडली. मध्येच आत्या सुईत दोरा ओवायला थांबली होती, दोन्ही पाय खुर्चीच्या दांडीवर, फळीच्या बाहेर. तरी भाराची रेषा खाली येईना. बाई निवांत बसलीये आणि संगणक म्हणतोय गुडघा पिचतोय!

आमची रीत अशी, की सकाळी आल्याआल्या फळी रिकामी असताना शून्यावर आणायची आणि मग दिवसभर तिला हात लावायचा नाही. फळीवरून माणसंच चालतात. त्यावर लोखंडी मशीन कोण कशाला आणून ठेवेल? त्या धुडाचं सगळं वजन आम्ही बिचाऱ्या गुडघ्याच्या माथी मारलं होतं. इतकी शिकलेली डोकी जमली होती, पण एकाच्याही लक्षात येईल तर शपथ.

ते वजन वजा केल्यावर गुडघा छान हिरवा झाला. आम्ही तिला पायऱ्याही चढायला लावल्या होत्या, त्या चित्रातला लाल रंग मात्र हटला नाही. तिथे वजा करायला मशीन नव्हतंच.

"मशीन खुशाल चालवा," डॉक्टर म्हणाले. "जिने मात्र बंद."

आत्याचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. रोज संध्याकाळी दोन जिने चढून ती माझ्याकडे यायची, घर किती पसरलंय ते सुनवायला.

"म्हणजे तुझ्याकडे यायचं नाही?"

"मी येईन की खाली."

"तू? रोज?"

तिचा विश्वास बसेना, आणि तिचं काही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांत बोलावल्याशिवाय मी कधी खाली उतरले नव्हते.

"बघू," आत्या म्हणाली.

त्याच संध्याकाळी खाली गेले. दार सताड उघडं होतं, मशीन खडखडत होतं, आणि शेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवलेली होती.