मामा अडकला ती फट

एक करून बघा बरं. घरातल्या एखाद्या भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा, खांदे, डोकं, सगळं टेकवा. टेकवलंत? आता डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या नाकासमोरही तशीच एक भिंत आहे. गार, खरखरीत, दगडाची. मान एकाच बाजूला वळते. हात उचलायला जावं तर कोपर अडतं. आणि या भिंती कुणी ढकलल्या म्हणून हलणाऱ्या नाहीत.

बास, उघडा डोळे. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत की मोकळे. टिचकीच्या मामाला ते पाऊलच टाकता येत नव्हतं.

टिचकी म्हणजे टिचकी मारली तर उडून जाईल अशी एवढीशी पोर. त्या दिवशी ती, तिची आई आणि मामा असे तिघं राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरात फिरायला गेले होते. डोंगर कसले, टेकड्यांचे थोरले भाऊ. वाटही पोराबाळांना घेऊन जाता येईल अशी. झाडांवर हिरव्या खारीचं चित्र रंगवलेलं, त्या खारीमागे चालत राहायचं की झालं. वाटेत एका ठिकाणी दोन अजस्र दगड एकमेकांना खेटून उभे होते. त्यांच्यामधल्या फटीतून आडवं सरकत गेलं, की शेवटी कपाटाएवढी एक जागा लागायची. तिथे शेवाळातून थेंब थेंब पाणी गळायचं, ते बघायचं आणि आल्या वाटेने परत यायचं. पुढे वाट नव्हती.

कुणीही उठून आत घुसू नये म्हणून तोंडाशी एक लाकडी फळी रोवली होती. फळीत एक उभी खाच. या खाचेतून पार झालात तर आत जा, नाहीतर बाहेरच थांबा, असं तिच्यावर लिहिलेलं.

टिचकी खाचेतून गेली ती कडेला न लागता. मग मामा पुढे झाला.

"तू कुठे निघालास?" आई म्हणाली. "पोट बघ आधी."

"ताई, शिंप्याला माप शिकवतेस?" मामाचं शिवणाचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजायचा, स्वतःची मात्र अंदाजाने सांगायचा. "पोट म्हणजे काय, आत घेतलं की आत!"

त्याने पोट पाठीला चिकटवलं, श्वास कोंडला, टाचा उंचावल्या आणि लालबुंद चेहऱ्याने खाचेतून पार झाला. टिचकीने टाळ्या वाजवल्या. आता खाच असते बोटभर जाडीची, फट असते लांबलचक. तेवढा वेळ पोट आत धरून कोण चालणार? पण हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

टिचकी सरसर पुढे गेली. कपाटाएवढ्या जागेत पोचून तिने थेंब हातावर झेलले, ओठांना लावले आणि हाक मारली, "मामा, ये ना!"

"आलो," मामा म्हणाला. मग म्हणाला, "नाही आलो." आणि थोड्या वेळाने अगदी हळू, "टिचके, मला ना पुढे जाता येतंय, ना मागे."

तिला आधी गंमतच वाटली. मामाचं काय, तो रोजच नाटकं करायचा. ती जवळ गेली. मामाचं तोंड तिच्या बाजूला वळलेलं होतं. एक हात तिच्याकडे, दुसरा मागे आईकडे. चेहरा घामाने डबडबलेला, आणि त्यावर हसू नव्हतं. तेव्हा तिला समजलं, की बाहेर जायची वाट एकच आहे आणि त्या वाटेत मामा बुचासारखा बसलाय.

तिने वर पाहिलं. दगड उंच, गुळगुळीत, ओले. वर आभाळाची जेमतेम एक चिंधी.

"काय झालं रे?" बाहेरून आई ओरडली. तिला मामाचा फक्त हात आणि एक बूट दिसत होता.

"अडकलो."

"तरी म्हणत होते! थांब, हात दे." आईने हात धरून ओढला. मामा कळवळला, पण तसूभर हलला नाही.

"ताई, ओढू नकोस! खांदा निखळेल!"

"बरं, बरं. घाबरू नकोस. मोठा श्वास घे. छाती भरून!"

टिचकीची आई मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यात छाती भरलेली असली की माणूस तरंगतो. घाबरलेल्या पोराला ती पहिलं हेच सांगायची, आणि तिचं कधी चुकलं नव्हतं. मामाने मुकाट्याने छाती भरून श्वास घेतला. त्यासरशी त्याचे डोळे विस्फारले.

"आणखी आवळलं गं!"

"मग आणखी मोठा घे! सोडू नकोस!"

आई सांगत होती, मामा ऐकत होता, आणि दगड त्याला अधिकच घट्ट धरत होता. फोन लावावा तर त्या दगडांत रेंज नव्हती, तो नुसताच खेळणं झाला होता. शेवटी आई म्हणाली, "मी पळत जाऊन रखवालदाराला घेऊन येते. चौकी लांब आहे, पण येते."

"नको!" मामा इतक्या जोरात ओरडला, की टिचकी दचकली. मग तो तिच्या कानाशी पुटपुटला, "आईला सांगू नकोस, पण मला फार भीती वाटतेय. ती गेली तर मी..."

मोठं माणूस घाबरलेलं टिचकीने एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तिने मामाला धीर द्यावा म्हणून त्याच्या छातीवर तळवा ठेवला. ठेवला कसला, कसाबसा सरकवला. मामाने श्वास घेतला. बोटं दगडावर चेंगरली. "आई गं!" ती कळवळली. मामाने श्वास सोडला. बोटं मोकळी झाली. पुन्हा चेंगरली. पुन्हा मोकळी.

टिचकी डोळे बारीक करून बघत राहिली.

"आई, उलटं आहे! श्वास घ्यायचा नाही, सोडायचा!"

"टिचके, तू गप बस. मोठ्यांना बोलू दे."

"अगं, पण मामा फुगतोय!"

"गप म्हटलं ना!"

"ताई, तूच गप बस!" मामा म्हणाला. "आतलं तिला दिसतंय. तुला माझा बूट दिसतोय."

टिचकी म्हणाली, "मामा, सगळा श्वास सोड."

मामाने अर्धा सोडला आणि धसकून परत भरून घेतला. "नाही गं जमत. रिकामं वाटलं की जीव जातोय असं वाटतं."

टिचकीने विचार केला. मामा श्वास घ्यायला विसरतो कधी? गिऱ्हाइकांबद्दल बोलताना!

"मामा, ते जाडे काका आले होते ना कोट घेऊन?"

"त्याचं नाव काढू नकोस."

"काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? आधी म्हणे सैल कर, सैल केला तर म्हणे गबाळा दिसतो, घट्ट केला तर म्हणे बटण तुटलं, अरे बाबा तू जेवून आलास त्यात माझ्या दोऱ्याचा काय दोष, बाही आखूड म्हणे, बाही नाही रे आखूड, तुझा हात लांबलाय फुकटचं मागून मागून..." मामाचा आवाज बारीक होत गेला, श्वास पार तळाला गेला.

"आई, ओढ!"

खर्र झालं. मामा बोटभर सरकला.

"थांब! मामा, थोडासाच श्वास घे. मग? पैसे दिले का त्यांनी?"

"पैसे?" मामा पुन्हा सुरू झाला. तो तळाला जायचा, टिचकी "ओढ" म्हणायची, आई ओढायची. एकदा मामाला मध्येच हसू फुटलं आणि तो पुन्हा करकचून बसला. टिचकीने त्याचा हात धरून ठेवला, त्याचा श्वास शांत होईपर्यंत. मग पुन्हा कोट, पुन्हा बाही. आणि एकाएकी तिच्या हातातून मामाचा हात सुटला, बाहेर धप्प आवाज झाला, आई हसायला लागली, रडायलाही लागली.

"शर्टाच्या चिंध्या झाल्या," मामा धापा टाकत म्हणत होता. "होऊ देत!"

आत टिचकी एकटी उरली.

फट आता मोकळी होती. तिच्यासाठी तर ऐसपैस होती. मघाशी ती त्यातून नाचत आली होती. पण मघाशी तिला दगड माणसाला कसा धरतो हे माहीत नव्हतं. तिने पाऊल उचललं आणि परत ठेवलं.

"टिचके, ये गं बाई!" आईने फटीत हात घातला. तो टिचकीपर्यंत पोचत नव्हता. "घाबरू नकोस. मोठा..." आईने जीभ चावली. "तू सांग. मी काय करू?"

टिचकीने गार दगडाला खांदा लावला. डोळे मिटले. आणि मोठ्याने सुरू केलं, "तू नेहमी मला गप बस म्हणतेस, जेवताना गप बस, पाहुणे आले की गप बस, मी खरं सांगत असले तरी गप बस, आणि मामा फुगत होता तरी तू..." अशी एका श्वासात आईची तक्रार करत करत ती एकेक पाऊल बाहेर सरकू लागली.