वाफेवर लावलेलं झाकण

जऊळक्याच्या स्टेशनावर पारसची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, गाडी लेट होती, त्याला घ्यायला सासूसासरे आणि मी आलो होतो, आणि सासूबाईंची पाण्याची बाटली उघडत नव्हती.

सासूबाईंचा, सूरजबाईंचा, उपवास होता. आम्ही जैन; उपवासाला त्या फक्त उकळलेलं पाणी घेतात, तेही सूर्य मावळेपर्यंत. मग सकाळपर्यंत थेंबही नाही. मे महिना होता आणि दुपारपासून त्यांचे ओठ सुकलेले.

निघताना मी म्हटलं होतं, "आई, निवू द्या, मंग लावा झाकण."

"अन् चिलट पडलं त्याच्यात? जीव जाईन त्याचा," म्हणत त्यांनी वाफाळत्या पाण्यावरच स्टीलचं झाकण आवळलं.

मी शाळेत हेच शिकवते. वाफ बाटलीतली हवा बाहेर हाकलते. निवल्यावर वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकणावर बसते. पण पिकतं तिथे विकत नाही.

सासऱ्यांनी रुमाल धरून झाकण पिळलं. तेच लालेलाल झाले, झाकण हललं नाही.

"गरम पाण्यात धरली तर निघंन," मी म्हटलं. चहावाल्या सेवालालच्या शेगडीवर पातेलं होतंच.

"ते पाणी गाळेल नाही," सासूबाई म्हणाल्या. "माह्यासाठी कोणाचे जीव उकळू नका."

मला संताप आला. सूर्य पलीकडच्या बाभळीत उतरला होता.

सेवालाल म्हणाला, "माय, तुमच्यासाठी कायले उकळीन? पेले धुवाले हे सकाळपासून उकळूनच राह्यलं."

सासूबाई डोळे मिटून विचार करत बसल्या. त्यांना घाई करायची कुणाची छाती नव्हती. अखेर मान हलली.

मी बाटली पातेल्यात धरली, मग फडक्याने झाकण पिळलं. सुस्स करून हवा आत शिरली आणि झाकण निघालं. पेला भरून मी त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी आधी पश्चिमेकडे पाहिलं.

"आहे अजून थोडा," सासरे म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"उजेड हाय. सूर्य नाही." सासूबाईंनी पेला माझ्याकडे सरकवला. "तू पी. माह्यापायी तूबी तहानलीच अशीन. अन् पुढच्या वेळी निवू दे, मंग लावजो झाकण."

पाणी कोमट होतं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि एका घोटानंतर मी पेला खाली ठेवला.