नागीण गेली, शर्ट नकोसा झाला

इस्त्रीवाल्याला सगळी आळी 'कडक' म्हणायची. त्याने घडी घातलेल्या बाहीने भाजी चिरता येईल, अशी ख्याती. पण चार महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या बरगडीवर नागीण उठली. फोड सुकले, खपल्या पडल्या, आग मात्र राहिली. शर्ट अंगाला नुसता लागला तरी काटेरी तार ओढल्यागत कळ यायची. दिवसभर लोकांचे शर्ट इस्त्री करणारा माणूस स्वतः उघडाबंब!

समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका कपडे द्यायला आल्या आणि झटकन पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "आधी काहीतरी अंगात घाला!"

"बाई, घातलं की जीव जातो. इथे आग होते."

"दिसत तर काहीच नाही."

"पाठ फिरवून कसं दिसेल?"

त्याच संध्याकाळी बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी बरगडीवरून कापसाचा बोळा फिरवला, तर कडक टुणकन उडाला. मग तळवा घट्ट दाबला, तर चकार शब्द नाही.

"तुमचं दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "नागीण जाताना नस दुखावून गेली. चोर कधीच पळाला, नस अजून बोंब मारतेय. गोळी थोड्यापासून सुरू करू, हळूहळू वाढवू. झोप येईल, म्हणून सध्या गरम इस्त्री नको. आणि गोळी मनाने बंद करायची नाही. दहापैकी आठाचं दुखणं चारावर आलं तरी जिंकलो."

"शून्यावर नाही?"

"तसा शब्द देत नाही."

कडकचं तोंड उतरलं. बायकोच्या डोक्यात मात्र तो दाबलेला तळवा बसला होता. तिने अंगाला घट्ट बसणारा मऊ बनियन आणला, शिवण बाहेर येईल असा उलटा केला.

"अहो, हात वर करा."

"अगं, मेलो, मेलो!"

"अजून घातलाच नाहीये."

घातला. तो दातओठ खात उभा राहिला आणि मग चकित होऊन म्हणाला, "सोसतंय की!"

पहिले काही आठवडे बायकोने इस्त्री धरली, तो पेंगत घड्या घालत बसला. पेंग ओसरली, जरा बरं वाटलं, तर पठ्ठ्याने एका दिवसात तीन गठ्ठे उरकले आणि दोन दिवस आडवा झाला. तेव्हापासून अर्धा तास काम, दहा मिनिटं बसणं. बसणं त्याला इस्त्रीहून जड जाई.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता किती?"

"चार. वारा सुटला की सहा."

"आणि माझा भाऊ आला की नऊ," बायको म्हणाली.

"ते जुनं दुखणं आहे, बाई," कडक शर्टाचं बटण लावत म्हणाला. "त्याला गोळी नाही."