पुढून ‘परत चला’, मागून ‘सुटलो’

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर मी कुठे होते तेच विसरेन.

तर आपली झटपट. तीच गं, बॅनरवाल्यांची. शेवटचा घास तोंडात असतानाच हात धुवायला उठणारी, चपलेत एक पाय घालून दुसरी चप्पल हातात घेऊन पळणारी. तिच्या बाबांचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, दवाखान्यात मुक्काम, सोबतीला आत्या. आणि जायच्या आधी बापलेकीत जुंपली होती जोरात. बाबांचं म्हणणं, कापडी बॅनर आता घेतं कोण, सगळीकडे प्लॅस्टिक. ब्रश आणि शिलाई मशीन विकून टाकू, छपाईचं यंत्र आणू.

झटपट म्हणाली, "माझ्या हयातीत नाही!"

बाबा म्हणाले, "तुझी हयात आहे केवढी? काल तर दप्तर खाली ठेवलंस."

शेवटी आत्या मध्ये पडली आणि तिने दोघांकडून कबूल करून घेतलं. बाबा दवाखान्यात आहेत तोवर दुकान झटपट बघणार. एकही तक्रार आली नाही तर दुकान तिचं, आणि तिथे कापडच चालणार. एक जरी तक्रार आली तरी मशीन विकायचं, आणि झटपटने हूं की चूं करायचं नाही.

"शब्द?" बाबांनी विचारलं.

"शब्द!" तिने किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली.

आणि दुसऱ्याच दिवशी सरकार हवामानाच्या करारातून बाहेर पडलं!

म्हणजे तो नाही का, सगळ्या देशांनी मिळून कबूल केलेला, की आपापला धूर कमी करायचा, पृथ्वीला फार तापू द्यायचं नाही. तर सरकार म्हणालं, आम्हाला परवडत नाही, आम्ही निघालो. झालं, सगळं गाव एका सकाळीत हुशार! सलूनमध्ये अर्धी दाढी केलेली माणसं खुर्चीतून उठून भांडायला लागली. ज्याला घरचा गळका नळ कधी बंद करता आला नाही, तो समुद्राच्या पातळीबद्दल बोलत होता. झटपटच्या शेजारचा चष्मेवाला तर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, "तुम्ही आत की बाहेर?" आणि मग फ्रेम दाखवायचा.

दहा वाजता दुकानात भूगोलाच्या बाई आल्या. बाई रिटायर झाल्यात, पण अर्ध्या गावाला त्यांनी नकाशे भरायला लावलेत, त्यामुळे रस्त्याने चालल्या की मोठमोठी माणसं आपोआप शर्ट खोचतात. त्यांना रविवारच्या मोर्चासाठी बॅनर हवा होता, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब. मजकूर: ‘दिलेला शब्द पाळा! करारात परत चला!’

"आणि कापडाचा हवा," बाई म्हणाल्या. "प्लॅस्टिक घेऊन पृथ्वीबद्दल बोलायला मला लाज वाटेल."

झटपटच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिला स्वतःलाही तो करार सोडलेला अजिबात पटला नव्हता, त्यामुळे फुकटही करून दिला असता.

बाई कोपऱ्यावर वळल्या नाहीत तोच विटांच्या भट्टीवाले शेठ. भट्टीच्या धुरावर करारामुळे बंधनं आलेली, त्यामुळे शेठ असे खुशीत होते, जणू घरात बारसं आहे. त्यांनाही रविवारीच मिरवणूक काढायची होती. बॅनर तेवढाच लांब, मजकूर: ‘अभिनंदन! सुटलो एकदाचे!’

"प्लॅस्टिकचा करू नका शेठ," झटपट घाईघाईने म्हणाली.

"कशाला करेन? मागच्या वेळी वाऱ्याने फाटला. तुझ्या बाबांचा कापडीच बरा."

बघ, देशात दोन तट पडलेले, पण कापडावर एकमत!

आता त्यांच्या दुकानाची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाऱ्यात बॅनरचा बोळा होऊ नये म्हणून त्याला मागून अस्तर लावतात, त्याच मापाचं कोरं जाड कापड. उशीचा अभ्रा शिवतात ना, तसंच. अक्षरं आतल्या बाजूला ठेवून कडेने शिवायचं, मग उलटवायचं. आणि रंगवलेलं कापड वाळलं की बाबा अक्षरं आत घेऊन घडी घालतात आणि कोपऱ्याला लाल दोरा बांधतात. कारण घडी घातली की सगळी कापडं पांढरीच दिसतात. अस्तर कुठलं आणि बॅनर कुठला, हे तो दोराच सांगतो.

झटपटने दोरा बांधला नाही. "चारच तर कापडं आहेत, लक्षात राहील की!"

शनिवारी संध्याकाळी शिवायला बसली आणि वीज गेली. मशीन पायाचं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. सुईपाशी टॉर्च बांधला आणि सुटली. उजेड सुईपुरता, वेग आगगाडीचा. दोन जोड शिवले, अंधारातच उलटवले, अंधारातच काठ्यांना गुंडाळले, वर दोरीने बांधून टाकले. सकाळी एक बाईंकडे पोचवला, एक शेठकडे. उघडून बघायला वेळ कुणाला होता?

रविवारी ती फुटपाथवर जाऊन उभी राहिली, आपलं काम मिरवताना बघायला. बाईंचा मोर्चा आला. बाई सगळ्यांच्या पुढे, पण तोंड मोर्चाकडे करून, उलट्या चालत. शाळेच्या सहलीत चालायच्या ना, तशाच! आणि सहलीसारखंच, कुणी मागे रेंगाळू नये म्हणून, मोठा बॅनर त्यांनी अगदी शेपटीला ठेवलेला, उंच काठ्यांवर. सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होतं, ‘दिलेला शब्द पाळा!’ झटपटला भरून आलं. काय अक्षर, काय ताण, एक सुरकुती नाही! तिने आत्याला फोन लावून सांगितलंसुद्धा, "बाबांना सांग, शिवण अशी बसलीये की बघत राहावं!"

मोर्चा पुढून गेला. बॅनर पुढून गेला. आणि झटपटला त्याची पाठ दिसली.

‘अभिनंदन! सुटलो एकदाचे!’

म्हणजे तिने बॅनरला बॅनरच शिवला होता! मग शेठकडे काय गेलं? दोन अस्तरं, एकमेकांना, पक्की शिवलेली!

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून शेठची मिरवणूक निघाली, ढोल, गुलाल आणि सगळ्यांच्या पुढे तो लांबच लांब पांढराशुभ्र बॅनर. एक अक्षर नाही. दुरून वाटत होतं, ही माणसं शरण यायला निघालीयत. फुटपाथवरच्या एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "कोण गेलं हो?"

शेठ बॅनरच्या पुढे होऊन मागे वळून बघतात तर कोरं! "अरे, मजकूर कुठे गेला?"

बॅनर धरणारा म्हणाला, "शेठ, मी दोन्हीकडून बघितलं. आतल्या बाजूला असेल."

झटपट धावली. तिच्या डोक्यात एकच, हा कोरा बॅनर घ्यायचा आणि बाईंच्या बॅनरच्या पाठीवर टाकायचा, निदान झाकलं तरी जाईल. "शेठ, तो द्या जरा! पाच मिनिटं!" पण शेठचं लक्ष तिच्याकडे होतंच कुठे? ते पुढे बघत होते. पुढच्या गर्दीच्या डोक्यावर त्यांना त्यांचाच मजकूर दिसला होता, टपोऱ्या निळ्या अक्षरांत.

"अरे, आपला तिकडे पुढे गेलाय! चला रे, गाठा त्याला!"

चौकातल्या हवालदाराने हात आडवा केला. "एका वेळी एकच मिरवणूक."

"एकच आहे साहेब! तो पुढचा बॅनर आमचाच."

हवालदाराने वाचलं, मान डोलावली. "मग मागे कशाला राहिलात? चला, चला लवकर, रस्ता मोकळा करा."

आणि गेली ना सगळी पलटण बाईंच्या मोर्चाच्या शेपटीला चिकटून! पुढून घोषणा यायची, "करारात—" आणि मागून ढोलाच्या तालावर उत्तर यायचं, "सुटलो एकदाचे!" बाईंना वाटलं, मुलं नीट ऐकत नाहीयेत. त्यांनी आणखी जोर लावला. "शब्द—" "एकदाचे!" गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. कुणाला काही कळेना, पण एवढी मोठी, एवढी ठेक्यातली मिरवणूक गावाने कधी बघितली नव्हती. जो तो खाली उतरून सामील व्हायला लागला. पुढून वाचलेले पुढे घुसले, मागून वाचलेले मागे. झटपट मधल्यामध्ये. तिला पुढेही जाता येईना आणि मागेही.

मुख्य चौकात पोचल्यावर बाईंना गुलाल दिसला. त्या तरातरा गर्दीतून मागे आल्या आणि समोर शेठ.

"तू?" बाई म्हणाल्या. "शेवटच्या बाकावरचा? माझ्या मोर्चात?"

शेठनी पटकन हातातला गुलाल मागे लपवला. "बाई, मी तुमच्या मागे नाही आलो. मी माझ्या बॅनरच्या मागे आलो."

"तुझा बॅनर?"

"बघा की स्वतःच."

बाई वळसा घालून मागे गेल्या, वाचून आल्या. शेठ पुढे गेले, वाचून आले. दोघं समोरासमोर. सगळा चौक वाकून बघतोय. झटपट एका खांबाआड, डोळे मिटून. आता पहिली तक्रार कोण करतं, बाई की शेठ, एवढाच प्रश्न होता.

आणि नेमकी तेव्हाच रेडिओवाली मुलगी माईक घेऊन घुसली. "लोकांची प्रतिक्रिया काय आहे? एवढी प्रचंड गर्दी नेमकी कुणाची?"

बाईंनी गर्दीकडे बघितलं. शेठनी गर्दीकडे बघितलं.

"आमची!" दोघं एकदमच म्हणाले.

आता तूच सांग, यातलं कोण तक्रार करेल? तक्रार केली तर अर्धी गर्दी आपली नाही हे कबूल करावं लागणार! बाई जाताना झटपटच्या खांबापाशी क्षणभर थांबल्या. "कापड छान आहे," एवढंच म्हणाल्या, पण अशा नजरेने की झटपटला आपण नकाशात समुद्राच्या जागी डोंगर काढलाय असं वाटलं. शेठनी तर तिथल्या तिथे पुढच्या वेळच्या बॅनरचं काम सांगितलं. रेडिओवाल्या मुलीने फुटपाथवरच्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी दोन्हीकडून वाचला. शिवण पक्की आहे."

दवाखान्यात पोचली तर आत्या रेडिओ कानाशी धरून बसलेली. "आली रे दादा, तुझी दुकानदारीण!"

बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं, पट्टीखालून हसू ओसंडत होतं. "दोन्हीकडची गर्दी विक्रमी म्हणे! बॅनर आपलेच ना?"

"हो बाबा."

"तक्रार?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग काय, दुकान तुझं!" बाबा हवेत हात चाचपडायला लागले, तिच्या डोक्यावर ठेवायला.

आणि झटपट, जी आयुष्यात कधी थांबली नाही, ती थांबली. खरं तर ती खोटं बोललीच नव्हती! कुणी म्हणजे कुणीही तक्रार केली नव्हती. बाबांना दिसत नव्हतं, आत्या दवाखान्याबाहेर पडली नव्हती. किल्ली तिच्या मुठीत गरम झाली होती. पण सकाळपासून तिच्या डोळ्यांपुढून ते काही हलत नव्हतं, स्वतःच्याच हाताने काढलेलं, एकेक अक्षर तिच्या हाताएवढं. दिलेला शब्द पाळा. सरकारवर ओरडायला ते किती सोपं होतं!

"बाबा," ती म्हणाली, "मी दोरा बांधला नव्हता."

"कुठला दोरा?"

मग सगळं सांगितलं. टॉर्च, अस्तर, हवालदार, "शब्द एकदाचे", सगळं. ऐकता ऐकता बाबांचं पोट हलायला लागलं. मग खाट हलायला लागली. नर्स धावत आली. "अहो काका, हसायचं नाही! डोळ्यांवर ताण येतो!"

"मग हिला बाहेर काढा!" बाबा उशी तोंडावर दाबून म्हणाले.

जरा शांत झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तक्रार आली की."

"कुणाची?"

"तुझीच. तीस वर्षांत कुणी इतकी सविस्तर केली नव्हती."

झटपटने काही न बोलता किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी मूठ मिटली.

"एकदम गप्प का गं?"

"हूं की चूं करायचं नाही असं ठरलंय."

आत्याने पदर तोंडाला लावला. बाबा पुन्हा हलायला लागले, नर्सने दारातूनच बोट दाखवलं. "हे बघ," बाबा हळूच म्हणाले, "शब्द मोडायचा नाही, ते बरोबर. पण दोघांनी समोरासमोर बसून अटी बदलायच्या, त्याला काही मनाई आहे का गं?"

"मला विचारू नकोस," आत्या म्हणाली. "मी नुसती साक्षीदार."

"उद्या पट्टी सुटतेय. आधी तो बॅनर आण. दोन्हीकडून बघतो, मग बोलू."

आणि किल्ली त्यांनी उशीखाली सरकवली. आता बाईंकडून आणलेला बॅनर दुकानात टेबलावर पसरलाय, झटपट तो इस्त्री करतेय, हळूहळू, मी स्वतः बघून आले. मशीन राहतंय की जातंय ते उद्या कळेल. मला एकदा वाटतं, कशाला बोलली, गप्प बसायचं की! मग वाटतं, छे. पण तू खरं सांग. तक्रार एकही नाही, समोर बाबा पट्टी बांधून, किल्ली तुझ्या मुठीत. तू काय केलं असतंस?