लांबून ओळखू येणारी अक्षरं

मित्रांनो, मी नाशपातीच्या लाकडात कोरलेल्या छपाईच्या अक्षरांचा एक जुना संच आहे. सिसिलीतल्या एका डोंगराळ गावात, जेर्लांदोच्या छापखान्यात माझा जन्म गेला. माझ्या उभ्या रेघा जाड, आडव्या केसासारख्या बारीक. अक्षरांना खाली छोटे पाय आहेत आणि 'आर'ची शेपटी तर वेलीसारखी वळलेली. मला कोरलं ते सर्कशीच्या जाहिरातींसाठी.

तरुणपणी मी हत्ती, नाटकं, लिंबाचं सरबत, सगळं गावभर मिरवलं. पुढे शहरातून रंगीत जाहिराती येऊ लागल्या आणि माझ्याकडे एकच काम उरलं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा कागद भिंतीवर लावतात. ती नावं मी छापू लागलो. मग मला पाहिलं की लोक खिशातल्या किल्लीला हात लावत. लोखंडाला शिवलं की मरण टळतं म्हणे.

जेर्लांदोला नात झाली. आनंदाच्या भरात त्याने तिचं नाव, एर्सिलिया, माझ्यात जुळवलं आणि कागद कोपऱ्यावर लावला. वरच्या आळीतल्या क्रोचिफिसाकाकूंनी लांबूनच मला ओळखलं. पुढचं वाचलंच नाही. दुखवट्याचा रस्सा घेऊन त्या रडतच दारात आल्या.

"आगातिना, कोण गेलं गं?"

"कोण गेलं? अहो काकू, लेक झालीय मला!"

"अगं बाई! मग पी तूच. बाळंतिणीला चांगला असतो."

जेर्लांदो हसला. आगातिनाने मात्र बाळाला छातीशी घट्ट धरलं. "बाबा, ती अक्षरं पुन्हा माझ्या लेकीच्या वाऱ्यालाही नकोत."

"तुझी आई मला भेटली ती यांच्याच सर्कशीच्या कागदापाशी," तो पुटपुटला. पण त्याने मला खणात ठेवून कुलूप लावलं. मला आगातिनाचा राग आला नाही. तान्ह्या लेकराची आई सावलीलाही भिते.

अंधारात मला कीड लागली. 'आर'ची शेपटी गळून पडली.

मग काही वर्षांनी एके दिवशी जेर्लांदो गेला. आगातिनाने त्याचा कागद संगणकावर काढला. गुळगुळीत, देखणी अक्षरं. घरात चूल पेटली नव्हती. ती टेबल पुसून वाट पाहत राहिली. रस्सा घेऊन कुणी आलं नाही. मातीलाही मोजकीच माणसं होती.

दुसऱ्या दिवशी क्रोचिफिसाकाकू वाटेत भेटल्या. "बाबा दिसत नाहीत गं हल्ली?"

"काकू, काल पोचवलं त्यांना. कोपऱ्यावर कागद लावलाय की."

"तो? मला वाटलं, फर्निचरच्या दुकानाची जाहिरात!" म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागल्या.

माणूस जाऊन महिना झाला की चर्चमध्ये प्रार्थना असते, तिच्या कागदासाठी आगातिनाने कुलूप उघडलं. बापाचं नाव तिने हाताने जुळवलं. आता शाळेत जाणाऱ्या एर्सिलियाने तुटक्या 'आर'वर बोट ठेवलं. "आई, हा माझ्या नावातला ना?"

आगातिनाचा हात सवयीने खिशातल्या किल्लीकडे गेला. मग तोच हात तिने लेकीच्या बोटावर ठेवला. "हो. आजोबांच्याही."

त्या दिवशी भिंतीवर मला पाहून लोक थांबले. चर्च भरलं. पण मित्रांनो, ज्याला ती गर्दी पाहायला हवी होती तो केव्हाच गेला होता. म्हणून सांगतो, तुमच्या घरातलं एखादं जुनं माणूस किंवा वस्तू फक्त दुःखाच्या वेळी आठवत असेल, तर एकदा सुखातही बाहेर काढा. कुलपात कीड फार लवकर लागते.